तंबाखू मळली की वाचलेले लक्षात राहते, सोडली की राहत नाही: मेंदूत नेमके काय घडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे २४ वर्षांचे आहेत, मूळचे तासगाव तालुक्यातले, आणि सध्या सांगलीत विश्रामबागेत खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करतात. एकोणिसाव्या वर्षी वसतिगृहात तंबाखू-चुन्याची सवय लागली. आता दिवसाला आठ-दहा बार होतात आणि त्यातले बहुतेक अभ्यासिकेत बसल्या बसल्या होतात. मागच्या महिन्यात त्यांनी सोडून पाहिली, तर चार दिवस एक पान धड वाचता आले नाही आणि सकाळी वाचलेले संध्याकाळपर्यंत आठवेनासे झाले. पाचव्या दिवशी पुन्हा चिमूट मळली आणि अर्ध्या तासात डोके ताळ्यावर आले. मित्राने त्यांना सांगितले आहे की तंबाखूतल्या निकोटीनने स्मरणशक्ती वाढते हे सिद्ध झालेले आहे, अगदी विस्मरणाच्या रुग्णांवरही त्याचे प्रयोग झाले आहेत. पूर्वपरीक्षा साडेतीन महिन्यांवर आहे. तंबाखूने आपला मेंदू बिघडवला आहे की तीच तो चालवते आहे, आणि ती परीक्षेआधी सोडावी की नंतर, असे त्यांनी विचारले आहे.

मी सांगलीत मानसोपचारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे काम करतो आणि व्यसनमुक्तीसाठी येणारे रुग्ण हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. हाच प्रश्न पोलीस भरतीची तयारी करणारी मुले, साखर कारखान्यात रात्रपाळी करणारे कामगार, शिक्षक आणि बँकेतले कर्मचारी वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

तुम्ही विचारले आहे की तंबाखूने स्मरणशक्ती वाढते का. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न असा आहे की ही तुलना तुम्ही कोणाशी करत आहात. तंबाखू खाल्लेला आजचा तुमचा मेंदू आणि तंबाखू सोडून चौथ्या दिवशीचा तुमचा मेंदू या दोघांना तुम्ही शेजारी ठेवले आणि पहिला उजवा ठरला. तो उजवा ठरणारच होता. वास्तविक तुलना व्हायला हवी ती एकोणिसाव्या वर्षापूर्वीच्या किंवा सोडून तीन महिने झालेल्या तुमच्या मेंदूशी, आणि ती तुम्ही अजून केलेलीच नाही. चौथा दिवस हा तुमच्या बुद्धीचे माप घेण्याचा दिवस नव्हे, हे माझ्या उत्तराचे सार आहे. ते तसे का आहे हे समजण्यासाठी मेंदूतल्या पेशींच्या पातळीवर उतरावे लागेल.

आपल्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे एक रसायन आहे. लक्ष देणे, नवी गोष्ट टिपणे आणि टिपलेली गोष्ट पक्की करणे या तिन्ही कामांत त्याचा हात असतो. एक चेतापेशी ते सोडते आणि दुसऱ्या पेशीच्या आवरणावर बसवलेल्या विशिष्ट प्रथिनांना ते जाऊन चिकटते. या प्रथिनांना रिसेप्टर म्हणतात. पेशींवर असे काहीतरी ‘ग्रहण करणारे’ असले पाहिजे ही कल्पनाच मुळात निकोटीनमुळे पुढे आली. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी स्नायूंवर निकोटीन आणि क्युरारे या दोन विषांचे परिणाम पाहून १९०५ साली ती मांडली. अ‍ॅसिटिलकोलिनच्या रिसेप्टरांचा जो एक गट निकोटीनलाही दाद देतो, त्याला आज निकोटिनिक रिसेप्टर म्हणतात. असा प्रत्येक रिसेप्टर पाच घटक गोलाकार जुळून बनलेला असतो आणि मधोमध एक बारीक मार्ग असतो. रसायन चिकटले की तो मार्ग उघडतो, सोडियम आणि कॅल्शियमचे भारित कण आत शिरतात आणि पेशी उत्तेजित होते. मेंदूत याचे दोन प्रकार आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. अल्फा-४ आणि बीटा-२ या घटकांपासून बनलेला एक, जो निकोटीनला फार घट्ट धरतो. आणि केवळ अल्फा-७ घटकांचा दुसरा, जो कॅल्शियम भरपूर आत घेतो. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूचा जो भाग नव्या आठवणी घडवतो, तिथे दोन्ही प्रकार आहेत.

आता निकोटीन आणि आपले स्वतःचे अ‍ॅसिटिलकोलिन यांत फरक कुठे पडतो ते पाहा. अ‍ॅसिटिलकोलिनचे काम आपल्याकडच्या पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखे चालते: ज्या शेताची पाळी, त्याचेच दार उघडायचे, ठरलेला वेळ पाणी द्यायचे आणि दार बंद करायचे. एक विशिष्ट एन्झाइम ते हजारांश सेकंदांत तोडून टाकते. निकोटीनला हे एन्झाइम हात लावू शकत नाही. निकोटीनचा निचरा यकृतात होतो आणि रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण दोन तास लागतात. म्हणजे ते मेंदूत येते ते सगळीकडे एकदम, कोणत्या पेशीची गरज आहे हे न पाहता, आणि तिथे रेंगाळत राहते.

सिगारेट किंवा विडीच्या धुरातून ते दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. तंबाखू चघळताना चढ सावकाश असतो, पण तिथे चुना आपले काम करतो. निकोटीन आम्लयुक्त वातावरणात भारित अवस्थेत असते आणि गालाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. चुन्याने तोंडातला आम्लपणा मोडला की त्याचा मोठा भाग भाररहित होतो आणि झपाट्याने रक्तात शोषला जातो. तळहातावर अंगठ्याने मळताना आपण नुसती चव जमवत नसतो, मात्रा वाढवत असतो. चुना जास्त पडला की किक जोरात बसते, हे खाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते; त्याचे कारण हे आहे. शिवाय धुराचे निकोटीन जितक्या लवकर चढते तितक्या लवकर उतरते, तर दाढेखाली धरलेल्या तंबाखूचे बराच वेळ त्याच पातळीवर टिकून राहते. दिवसभरात शरीरात जाणारे एकूण निकोटीन दोन्हींत साधारण सारखे भरते. त्यामुळे ‘मी काही सिगारेट ओढत नाही’ हे समाधान रिसेप्टरांच्या बाबतीत तरी उपयोगाचे नाही.

पुढची गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला वेळ काढून समजावतो, कारण सगळा गैरसमज इथून सुरू होतो. रिसेप्टरांवर निकोटीन सतत बसून राहिले तर ते थकतात असे म्हणू या: रसायन चिकटलेले आहे, पण मार्ग उघडत नाही. याला विसंवेदन म्हणतात आणि ते काही मिनिटांत घडते. मेंदू त्याला जुळवून घेतो. काही दिवस-आठवडे रोज निकोटीन मिळाल्यावर पेशींच्या आवरणावर अल्फा-४ बीटा-२ प्रकारच्या रिसेप्टरांची संख्या वाढलेली दिसते. उंदरांमध्ये हे १९८३ साली दाखवले गेले आणि पुढे मृत्यूनंतर तपासलेल्या धूम्रपान करणाऱ्या माणसांच्या मेंदूंतही तेच आढळले. ही वाढ नवी जनुकीय आज्ञा मिळाल्यामुळे होत नाही. निकोटीन पेशीच्या आत शिरून या घटकांच्या जुळणीला हातभार लावते आणि तयार रिसेप्टर अधिक संख्येने आवरणापर्यंत पोहोचतात, असे आज समजले जाते. २००६ साली कॅलिफोर्नियात जिवंत माणसांच्या मेंदूची पेट (PET) स्कॅनने, म्हणजे मेंदूतले रिसेप्टर दाखवू शकणाऱ्या तपासणीने, पाहणी झाली तेव्हा असे दिसले की सिगारेटच्या एक-दोन झुरक्यांनीच या प्रकारचे निम्मे रिसेप्टर व्यापले जातात आणि पूर्ण सिगारेटीने ८८ टक्क्यांहून अधिक. म्हणजे नियमित खाणाऱ्याचा मेंदू दिवसाचा बहुतेक वेळ भरलेल्या रिसेप्टरांवरच चालतो.

आता अशा मेंदूतून निकोटीन अचानक काढून घ्या. वाढलेले सगळे रिसेप्टर मोकळे होतात, हळूहळू पुन्हा संवेदनशील होतात, आणि त्यांना पुरेल इतका पुरवठा शरीराच्या स्वतःच्या अ‍ॅसिटिलकोलिनला जमत नाही. त्याच वेळी प्रेरणा आणि समाधान यांच्याशी निगडित असलेल्या डोपामिन या रसायनाची पातळीही खाली येते. माणसाला जाणवते ती अस्वस्थता, चिडचिड, उडालेली झोप, वाढलेली भूक आणि लक्ष न लागणे. लक्ष न लागणे ही तुमची वैयक्तिक कमजोरी नाही. निकोटीन सोडल्यानंतरच्या लक्षणांच्या अधिकृत यादीत ते नोंदवलेले आहे. ही लक्षणे पहिल्या चोवीस तासांत सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात तीव्र असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तुम्ही सोडल्याचे चार दिवस नेमके त्या शिखरावरचे होते आणि उतार लागायच्या वेळी तुम्ही परत फिरलात.

लक्ष आणि स्मरण यांचा संबंधही इथे लक्षात घ्यावा. जे नीट टिपलेच गेले नाही ते संध्याकाळी आठवणार कसे? तुम्ही ज्याला विसरणे म्हणत आहात त्यातला मोठा वाटा मुळात न टिपण्याचा आहे. उरलेला वाटा झोपेचा आहे, कारण दिवसा शिकलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते आणि सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस झोप तुटक असते.

शिकण्यावरचा थेट परिणाम पाहण्यासाठी उंदरांवर जे प्रयोग झाले आहेत, त्यांचा क्रम तुमच्या अनुभवाशी फार जुळतो. एखाद्या पिंजऱ्यात सौम्य धक्का बसला तर ती जागा लक्षात ठेवणे हे हिप्पोकॅम्पसचे काम आहे. कधीच निकोटीन न मिळालेल्या उंदराला त्याची एकच मात्रा दिली तर हे शिकणे सुधारते. तीच मात्रा बरेच दिवस अखंड देत राहिले तर सुधारणा नाहीशी होते आणि तो इतर उंदरांसारखाच शिकतो. मग ते बंद केले तर तो इतरांपेक्षा वाईट शिकतो. ज्या उंदरांमध्ये बीटा-२ हा घटक जनुकीय पद्धतीने काढून टाकला होता त्यांच्यात ही शेवटची घसरण दिसली नाही. नेहमीच्या उंदरांत वाढीव रिसेप्टर जितके दिवस टिकले, साधारण तितकेच दिवस घसरणही टिकली. माणूस म्हणजे उंदीर नव्हे हे मान्य, पण कारण आणि परिणाम यांची सांगड इतकी स्वच्छ क्वचितच दिसते.

इथवरचे एकत्र करून सांगायचे तर, पहिल्या दिवसांत निकोटीनने तुम्हाला काहीतरी दिले असेल; आज जो बार तुम्ही लावता तो आधीच्या बाराने निर्माण केलेली उणीव भरून काढतो. डोके ताळ्यावर येते ते नेहमीच्या पातळीवर येते, त्याच्या वर जात नाही.

आता तुमच्या मित्राच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ते पूर्णपणे खोटे नाही आणि खोटे आहे असे सांगून मी तुमचा विश्वास गमावू इच्छित नाही. २०१० साली ४१ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगांत कोणाला निकोटीन आणि कोणाला निरुपद्रवी बनावट औषध मिळाले आहे हे ना घेणाऱ्यांना माहीत होते, ना तपासणाऱ्यांना, आणि निकोटीन तुटल्यामुळे बेचैन झालेली माणसे त्यात घेतलेली नव्हती. तरीही बोटांच्या सूक्ष्म हालचाली, सावधपणा, लक्ष वळवणे आणि अल्पकालीन स्मरणाच्या काही चाचण्या यांत निकोटीनने सुधारणा दिसली. परंतु ती प्रयोगशाळेतल्या थोड्या वेळाच्या चाचण्यांतली सुधारणा होती. त्यावरून पाच वर्षे रोज आठ-दहा बार लावणाऱ्याला राज्यघटनेची कलमे जास्त दिवस लक्षात राहतील असा निष्कर्ष निघत नाही. विस्मरणाच्या प्रयोगाचेही तसेच आहे. अल्झायमरमध्ये अ‍ॅसिटिलकोलिन तयार करणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने नष्ट होतात, म्हणून ते रसायन टिकवून धरणारी डोनेपेझिलसारखी औषधे आम्ही देतो. त्याच विचाराने २०१२ साली सौम्य विस्मरण असलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्या ७४ वृद्धांना सहा महिने निकोटीनचे त्वचेवर चिकटवायचे पॅच देऊन पाहिले, आणि त्यांच्या लक्ष देण्यात काहीशी सुधारणा आढळली. ज्यांची यंत्रणाच ढासळू लागली आहे अशांवरचा तो प्रयोग होता. चोवीस वर्षांच्या निरोगी मेंदूला तो लागू करणे म्हणजे रक्तदाब कमी असलेल्याचे औषध सामान्य रक्तदाब असलेल्याने घेणे होय.

निकोटीन एक गोष्ट मात्र खरोखर पक्की लक्षात ठेवायला लावते, आणि ती तुमच्या अभ्यासक्रमातली नाही. मेंदूच्या मध्यभागात खोलवर डोपामिन सोडणाऱ्या पेशी आहेत. त्यांना आवर घालणाऱ्या पेशींवर प्रामुख्याने अल्फा-४ बीटा-२ प्रकारचे रिसेप्टर असतात, तर त्यांना चालना देणाऱ्या, ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन सोडणाऱ्या टोकांवर अल्फा-७ प्रकारचे असतात. निकोटीन आले की आवर घालणारे रिसेप्टर लवकर विसंवेदित होतात आणि चालना देणारे चालूच राहतात. ब्रेक सुटतो आणि डोपामिन बराच काळ सुटत राहते. ‘हे जे आत्ता केलेस ते महत्त्वाचे आहे, लक्षात ठेव’ असा मेंदूला त्याचा संदेश असतो. त्या क्षणी समोर जे असेल ते या शिकवणीत बांधले जाते: अभ्यासिकेतली खुर्ची, खिशातली पुडी, चुन्याची डबी, बाहेरच्या टपरीवरचा चहा, अवघड गणित आले की उठून बाहेर जाणे. शिकण्याची तीच यंत्रणा, तेच रिसेप्टर, पण धडा तंबाखूचा. म्हणूनच गावी गेल्यावर दोन दिवस आठवण न येणारी तलफ विश्रामबागेत बसमधून उतरताच येते. अनेकांना हे आपल्या मनाचे दुबळेपण वाटते. मी त्यांना सांगतो की तुमची स्मरणशक्ती उत्तम असल्याचा हा पुरावा आहे, ती फक्त चुकीच्या कामाला जुंपली गेली आहे.

मी रुग्णांना आठवडाभर एक साधी वही ठेवायला सांगतो. डावीकडे बार लावल्याची वेळ, उजवीकडे पुस्तकाचे पान क्रमांक, आणि ज्या पानावर मन पहिल्यांदा भरकटले त्याला गोल. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाने ही वही फार प्रामाणिकपणे लिहिली होती. सकाळी साडेसहाच्या बारानंतर गोल यायला दीड तास लागला होता. दुपारी दोननंतर प्रत्येक बारामागे पाऊण तासाच्या आत गोल येत होता, आणि संध्याकाळी तर बार लावून झाल्यावरही तेच पान तीनदा वाचल्याची नोंद होती. रात्रभर निकोटीन उतरल्यामुळे सकाळी रिसेप्टर संवेदनशील झालेले असतात, म्हणून पहिला बार जाणवतो. दिवस चढत जातो तसे ते विसंवेदित होत जातात आणि मग बार लावणे हे केवळ घसरण थोपवण्यापुरते उरते. त्या मुलाला मी काहीच समजावले नाही. त्याने स्वतःच वही माझ्यासमोर फिरवून संध्याकाळच्या पानांवर बोट ठेवले. तुम्हीही सोडण्याआधी चार-पाच दिवस अशी नोंद करा. तुमचे आकडे वेगळे येतील, पण ते तुमचे असतील.

मेंदू कायमचा बिघडला आहे का, या प्रश्नाचे उत्तर वयावर, मात्रेवर आणि प्रकारावर अवलंबून आहे. मेंदूचा पुढचा भाग, जो नियोजन आणि संयम सांभाळतो, तो साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि त्याच्या घडणीत हेच रिसेप्टर भाग घेतात. पौगंडावस्थेत निकोटीन दिलेल्या उंदरांमध्ये लक्ष देण्याची क्षमता मोठेपणीही कमी राहिलेली दिसते; तेवढेच निकोटीन प्रौढ वयात दिले तर तसे दिसत नाही. तुम्ही एकोणिसाव्या वर्षी सुरुवात केली, म्हणजे हा काळ पूर्ण टळलेला नाही, पण तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू करणाऱ्यांपेक्षा तुमची स्थिती बरी आहे. दुसरीकडे, वाढलेले रिसेप्टर कायम राहत नाहीत. सिगारेट सोडलेल्या माणसांच्या स्कॅनमध्ये ते तीन ते बारा आठवड्यांत न खाणाऱ्यांच्या पातळीवर आलेले दिसले आहेत. दीर्घ पल्ल्याचा विचार केला तर ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या सात हजारांहून अधिक जणांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांची बौद्धिक घसरण न ओढणाऱ्यांपेक्षा वेगाने झाली, आणि सोडून दहा वर्षे झालेल्यांमध्ये हा फरक उरला नव्हता. तिथे धुरामुळे रक्तवाहिन्यांची होणारी हानीही हिशेबात येते, म्हणून ते निष्कर्ष चघळण्याच्या तंबाखूला जसेच्या तसे लावू नयेत.

याच संदर्भात एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते, आणि त्यात मशेरी लावणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत. सातारा-सांगलीच्या खेड्यांत दात घासायची म्हणून भाजलेली तंबाखू बोटावर घेतली जाते आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही. मुलांच्या बोटालाही ती तिथूनच लागते. गर्भवतीने मशेरी लावली तर निकोटीन वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जाते, आणि गर्भाच्या मेंदूत हे रिसेप्टर फार लवकर तयार झालेले असतात. चेतापेशींनी कुठे वाढायचे आणि कधी थांबायचे हे ठरवण्यात अ‍ॅसिटिलकोलिनचा वाटा असतो, त्यात बाहेरचे निकोटीन ढवळाढवळ करते. तुमच्या घरी कोणी गर्भवती असेल आणि मशेरी लावत असेल तर तिला रागावू नका, पण हे तिला नक्की सांगा आणि तपासणीला गेल्यावर डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगा.

आता परीक्षेआधी की नंतर. परीक्षा दहा दिवसांवर असती तर मी तुम्हाला आज एकदम सोडायला सांगितले नसते, कारण सगळ्यात वाईट दिवस नेमके परीक्षेच्या तोंडावर आले असते. साडेतीन महिने हाताशी असताना मात्र माझे मत स्पष्ट आहे: याच पंधरवड्यात सोडा. तीव्र लक्षणांचे आठवडे पहिल्या महिन्यात संपतील, आणि रिसेप्टर पूर्ववत व्हायला लागणारे बारा आठवडे परीक्षेच्या आधी भरतील. ‘आधी परीक्षा होऊ दे, मग सोडतो’ असे म्हणणाऱ्यांची पूर्वपरीक्षा संपते तोवर मुख्य परीक्षा समोर येते आणि तीच सबब पुन्हा उभी राहते.

तारीख निवडताना आठवड्याच्या सराव चाचणीनंतरचा दिवस निवडा. पहिल्या आठवड्यात नवा विषय हातात घेऊ नका. नकाशे भरणे, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे, आधी काढलेल्या टिपणांची उजळणी असे हाताला काम देणारे अभ्यास ठेवा आणि बैठक पंचवीस-तीस मिनिटांची करा. तलफ येते ती काही मिनिटांत उतरते. तेवढ्या वेळात अभ्यासिकेच्या आवारात दोन फेऱ्या मारा, पण टपरीच्या दिशेने नको. बसण्याची जागा बदला, शक्य असेल तर अभ्यासिकाच बदला, कारण जुन्या खुर्चीशी काय बांधले गेले आहे ते वर सांगितलेच आहे. झोपेला पहिले स्थान द्या. रात्री जागून भरपाई करायला जाल तर दिवसा टिपलेलेही पक्के होणार नाही.

औषधांची मदत घेण्यात कमीपणा नाही. व्हरेनिक्लिन नावाचे औषध अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टरांवरच बसते, त्यांना अर्धवट उघडते आणि निकोटीनला जागा ठेवत नाही. तलफ कमी होते आणि चुकून बार लावला तरी त्यातून फारसे काही मिळत नाही. चघळण्याच्या तंबाखूसाठी त्याचा पुरावा चांगला आहे. सोडण्याच्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू करून साधारण बारा आठवडे ते घेतात; मळमळ आणि ठळक स्वप्ने हे त्रास काहींना होतात. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, आणि पूर्वी नैराश्य, फिट किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते आधी सांगावे. निकोटीनच्या च्युइंगमचा पुरावा सिगारेट सोडणाऱ्यांमध्ये भक्कम आहे, तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये तितका नाही. तरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लक्ष टिकवण्यासाठी काही रुग्णांना मी ते देतो, कारण त्यात तंबाखूतली कर्करोगजनक द्रव्ये नसतात आणि मात्रा मोजून कमी करता येते. स्मरणशक्ती वाढवण्यासाठी म्हणून मात्र ते कोणीही घेऊ नये; ज्याने कधी तंबाखू खाल्ली नाही त्याने तर मुळीच नाही. पाच वर्षे खाल्ली आहे तेव्हा दंतवैद्याकडून एकदा तोंड तपासून घ्या, विशेषतः गालाच्या आत पांढरा चट्टा असेल किंवा तिखट झोंबत असेल तर लगेच.

मध्येच एखादा बार लागला तर ‘सगळे गेले’ असे समजून पुडी विकत घेऊ नका. एका बाराने वाढलेले रिसेप्टर परत येत नाहीत, पुढच्या पंधरा दिवसांच्या बारांनी येतात. जवळ कोणी बोलायला नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीवर विनामूल्य बोलता येते. दोन आठवड्यांनंतरही मन सतत उदास राहिले, झोप आलीच नाही किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर ती केवळ तंबाखू सोडल्याची लक्षणे समजू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. काही जणांचे दबलेले नैराश्य याच काळात वर येते आणि त्यावर वेगळा उपचार लागतो.

परीक्षेच्या दिवसाबद्दल एक व्यावहारिक सूचना. तोपर्यंत तुम्ही च्युइंगमवर असाल तर पेपरच्या अर्धा तास आधी एक घ्या: चव तिखट लागेपर्यंत सावकाश चावा, मग गालात धरून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. साध्या च्युइंगमसारखे भराभर चावले तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते आणि उपयोग होत नाही. त्याआधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी किंवा सरबत घेऊ नका, कारण त्यांच्या आम्लाने तोंडातले शोषण घटते. तोपर्यंत च्युइंगमही सुटलेले असेल, तर ‘आजच्या दिवसापुरते’ म्हणून काहीही घेऊ नका. बारा आठवड्यांनंतर रिसेप्टर पुन्हा संवेदनशील झालेले असतात. त्यावर एक बार म्हणजे नवख्याला बसणारी किक, आणि पहिल्या तासात चक्कर, घाम आणि मळमळ घेऊन पेपर सोडवावा लागेल.